पोलिसांनी ऐकलं नाही तर कुठे जायचं? माल्टा बेटाची गोष्ट

२०२५च्या एप्रिलमध्ये माल्टा नावाच्या देशाच्या संसदेने फौजदारी कायद्यातली काही कलमं बदलली. आपल्याकडे या बातमीकडे फारसं कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, आणि पाहिलं तरी ती कोरडी वाटली असती. चौकशीचा अर्ज आधी कुणाकडे द्यायचा, मग किती दिवस थांबायचं, असला सगळा मजकूर. पण या बदलाने सामान्य माणसाच्या हातातलं एक हत्यार बोथट झालं. ते हत्यार वापरून एका चिमुकल्या बेटावरच्या लोकांनी माजी पंतप्रधानांना कोर्टात उभं केलं होतं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. तिच्यातली माणसं आपल्या गावातल्या माणसांसारखी आहेत आणि त्यांच्या अडचणीही.

माल्टा केवढा आहे?

इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात तीन वस्तीची बेटं आहेत: माल्टा, गोझो आणि इवलंसं कोमिनो. सगळं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत होती. १९६४ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला हा देश २००४ पासून युरोपीय संघात आहे. भाषा माल्टी. तिचं मूळ अरबी, लिपी रोमन. 'हबीब' हा मित्रासाठीचा शब्द तिथेही आहे. 'मित्रांचे मित्र' असा एक वाक्प्रचार तिथे भ्रष्टाचाराबद्दल बोलताना हमखास येतो. अर्थ सांगायला नको, वशिला म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे.

एवढ्याशा देशात भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणं सोपं असेल, असं आधी वाटतं. खरं उलटं आहे. मोठ्या शहरात तुम्ही नगरसेवकाविरुद्ध तक्रार केली तर तो तुम्हाला ओळखतही नसतो. आता लहान गावाची कल्पना करा. सरपंच तुमच्या मामेबहिणीचा दीर, तलाठी तुमच्या भावाचा वर्गमित्र, आणि तुमच्या मुलीची नोकरी ज्या संस्थेत आहे तिचा अध्यक्ष सरपंचाचा व्याही. बोलायचं कुणाविरुद्ध? माल्टा हा देश असा गावासारखा आहे. तिथल्या निवडणूक पद्धतीत एका मतदारसंघातून पाच खासदार निवडले जातात आणि चार हजारांच्या आतबाहेर मतं मिळाली की माणूस संसदेत पोचतो. इतक्या थोड्या मतांत प्रत्येक घराला किंमत येते. उमेदवार दारोदार जातो आणि घरातले लोक त्याला आपली कामं सांगतात: बांधकामाची परवानगी, मुलाची सरकारी नोकरी, आजीचं ऑपरेशन. मत आणि उपकार यांची ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

घराणी पक्षानुसार लाल किंवा निळी असतात. मजूर पक्ष लाल, राष्ट्रवादी पक्ष निळा. स्वातंत्र्यापासून सत्ता या दोघांतच फिरते.

सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात

लहान देशाच्या या स्वभावाला राज्यघटनेची जोड होती. युरोपातल्या घटनातज्ज्ञांच्या व्हेनिस आयोगाने २०१८च्या डिसेंबरमध्ये माल्टाचा कारभार तपासला आणि पंतप्रधानाच्या हाती फार जास्त सत्ता एकवटल्याचं सांगितलं. न्यायाधीश नेमण्यात शब्द त्याचा, महाधिवक्ता त्याचा, पोलिस आयुक्तही त्याचाच. त्यावर महाधिवक्ता हाच सरकारचा कायदेशीर सल्लागार आणि तोच गुन्ह्याचे खटले चालवणारा. घरमालकच चौकीदार नेमतो, चोरी झाली तर पंचनामाही तोच करतो आणि निवाडा देणाऱ्यालाही तोच बसवतो, अशी ही रचना. घरमालक सज्जन असेल तोवर निभतं.

पनामातली कंपनी म्हणजे काय?

आता मूळ प्रकरण. २०१३ साली मजूर पक्षाचे जोसेफ मस्कट पंतप्रधान झाले. २०१६च्या फेब्रुवारीत डॅफ्ने कारुआना गॅलिझिया या पत्रकार बाईंनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं की मंत्री कॉनराड मिझी आणि पंतप्रधानांच्या कार्यालयाचे प्रमुख कीथ शेंब्री यांच्या पनामात गुप्त कंपन्या आहेत. दोनच महिन्यांनी 'पनामा पेपर्स' नावाने गाजलेली कागदपत्रं जगभर फुटली आणि बाईंचं लिहिणं खरं निघालं.

अशा कंपनीला इंग्रजीत शेल कंपनी म्हणतात, म्हणजे नुसतं कवच. आपल्याकडे साहेबांची जमीन ड्रायव्हरच्या नावावर असते ना, तसंच. सातबाऱ्यावर नाव एकाचं, पीक दुसऱ्याच्या घरात. पनामात तो सातबारा बाहेरच्या कुणाला पाहताही येत नाही, एवढाच फरक.

पुढे एक ई-मेल उजेडात आला. या दोन कंपन्यांना दुबईच्या '१७ ब्लॅक' नावाच्या कंपनीकडून पैसे यायचे होते, असं त्यात होतं. ही कंपनी कुणाची, हे डॅफ्नेबाईंना हयातीत कळलं नाही. ते नोव्हेंबर २०१८मध्ये बाहेर आलं. मालक होता यॉर्गेन फेनेक, माल्टाचा बडा उद्योगपती. सरकारने ज्या समूहाला वीजप्रकल्पाचं कंत्राट दिलं होतं, त्यात त्याची भागीदारी होती. वीजबिल भरणाऱ्या प्रत्येक माणसाचा या प्रकरणाशी असा थेट संबंध येतो.

या सगळ्यात एक जोखीम असते आणि ती मान्य केली पाहिजे. डॅफ्नेबाईंनी लिहिलेलं सगळंच सिद्ध झालं नाही. 'एग्रँट' ही तिसरी कंपनी पंतप्रधानांच्या पत्नीची आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. २०१८मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत त्याचा पुरावा मिळाला नाही. त्यांचे विरोधक आजही हेच पुढे करतात. मला वाटतं, आरोप तपासून तो खरा की खोटा हे जाहीर करणारी यंत्रणा असावी, एवढंच यातून ठरतं. ती चौकशी झाली, हे बरंच झालं.

१६ ऑक्टोबर २०१७

त्या दुपारी बिड्निया गावातल्या आपल्या घरून डॅफ्नेबाई गाडी घेऊन निघाल्या. बँकेत जायचं होतं. त्यांची खाती एका मंत्र्याच्या अर्जावरून कोर्टाने गोठवली होती, त्याचीच भानगड होती. घरापासून थोड्याच अंतरावर गाडीखालच्या बाँबचा स्फोट झाला. वय ५३. घरातून निघण्यापूर्वी त्यांनी ब्लॉगवर शेवटचं लिहिलं होतं की जिकडे पाहावं तिकडे लबाड माणसं आहेत आणि परिस्थिती हाताबाहेर गेली आहे.

त्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून जास्त दावे चालू होते. यातले बरेच दावे त्यांच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावावर गेले. आई गेली आणि तिच्यावरचे खटले मुलांच्या वाट्याला आले. असल्या दाव्यांना युरोपात 'स्लॅप' म्हणतात. जिंकण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला वकिलाच्या फीने आणि तारखांनी दमवून गप्प करण्यासाठी लावलेला दावा. २०२४ साली युरोपीय संघाने अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला, त्याला लोक 'डॅफ्नेचा कायदा' म्हणतात.

तळेगावचे सतीश शेट्टी आठवले असतील. माहिती अधिकारात जमिनींचे व्यवहार खणून काढणारे. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. कागद मागणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला आपल्या शेजारीच धोका असतो, दूरच्या बेटावर जावं लागत नाही.

फुलं, मेणबत्त्या आणि एक पुतळा

खुनानंतर माल्टात दोन गट पुढे आले. 'ऑक्युपाय जस्टिस' हा बायकांनी सुरू केलेला गट. खुनानंतरच्या काही आठवड्यांतच त्या पंतप्रधानांच्या कचेरीसमोर तंबू ठोकून बसल्या. दुसरी संघटना 'रिपब्लिका', २०१९च्या सुरुवातीला स्थापन झालेली. प्राध्यापक, वकील, घर सांभाळणाऱ्या बायका, निवृत्त माणसं. पुढे तिचे अध्यक्ष झालेले रॉबर्ट अक्विलिना पेशाने नोटरी, म्हणजे एरवी खरेदीखतं करणारा माणूस.

यांनी केलं काय? राजधानी व्हॅलेटाच्या मुख्य रस्त्यावर, कोर्टाच्या अगदी समोर, १५६५ साली तुर्कांनी बेटाला घातलेल्या वेढ्याचं स्मारक आहे. लोकांनी त्याच्या पायाशी डॅफ्नेबाईंचा फोटो, फुलं, मेणबत्त्या आणि फलक ठेवायला सुरुवात केली. रात्रीतून सरकारी सफाई कामगार येऊन ते उचलून नेत. सकाळी बायका पुन्हा फुलं ठेवत. रात्री पुन्हा साफ. मधे एकदा डागडुजीचं कारण सांगून स्मारकाभोवती फळ्याच उभ्या केल्या. हे महिनोन्‌महिने चाललं.

यावर कुणी म्हणेल, फुलं ठेवून भ्रष्टाचार जातो का? नाही जात. पण कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला, वकिलाला, पोलिसाला तो फोटो दिसत होता, आणि म्हणूनच तो काढण्यासाठी इतका आटापिटा चालला होता. शेवटी हा वाद कोर्टात गेला. ३० जानेवारी २०२० रोजी निकाल लागला की फुलं हटवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे, आणि त्याला तेव्हाचे न्यायमंत्री जबाबदार आहेत. त्यानंतर फुलं तिथेच राहिली.

त्या निकालाच्या आधीच, २०१९च्या नोव्हेंबरमध्ये, बेट पेटलं होतं. खुनाची सुपारी पोचवणारा टॅक्सीचालक माफीचा साक्षीदार झाला. २० नोव्हेंबरला पहाटे फेनेक आपल्या यॉटमधून बंदराबाहेर पडत असताना पकडला गेला. खुनात सामील असल्याचा आरोप त्याने नाकारला आहे. त्या दिवसापासून रोज हजारो लोक रस्त्यावर येऊ लागले. 'बर्रा!' अशी घोषणा असायची, म्हणजे 'चालते व्हा!' मंत्र्यांच्या गाड्यांवर अंडी आणि नाणी पडली. मिझी आणि शेंब्री यांनी राजीनामे दिले. १ डिसेंबरला मस्कट यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि १३ जानेवारी २०२०ला ते पायउतार झाले. पाच लाखांच्या देशात काही हजार माणसं रस्त्यावर येतात तेव्हा प्रत्येक घराला त्यातला एक तरी माणूस ओळखीचा असतो. लहान असण्याचा तोटा मी वर सांगितला, फायदा हा.

कुणालाही ठोठावता येणारं दार

आता येऊ त्या कायद्याकडे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

माल्टाच्या फौजदारी कायद्यात एक जुनी तरतूद होती. कोणताही माणूस, वकील नसला तरी, पदावर नसला तरी, पीडित नसला तरी, सरळ मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकत असे की अमुक गुन्हा घडल्याच्या या खुणा आहेत, पुरावा नष्ट होण्याआधी तो जपून ठेवा. मॅजिस्ट्रेटला अर्जात तथ्य वाटलं तर तो चौकशी सुरू करी. तज्ज्ञ नेमायचे, कागद आणि संगणक जप्त करायचे, साक्षी घ्यायच्या आणि अहवाल महाधिवक्त्याकडे पाठवायचा, एवढं त्याचं काम. शिक्षा देण्याचं काम त्याचं नाही. अपघातानंतर गाडीच्या चाकांच्या खुणा पावसाने धुऊन जाण्याआधी त्यांवर ताडपत्री टाकणाऱ्या माणसासारखं हे काम आहे. चूक कुणाची, हे नंतर ठरेल. ताडपत्रीच टाकली नाही तर ते कधीच ठरणार नाही.

या दाराचं महत्त्व कळायला मागचा जुडगा आठवा. पोलिस आयुक्त पंतप्रधानाने नेमलेला, महाधिवक्ताही त्यानेच. पंतप्रधानाच्या कचेरीविरुद्ध तक्रार असेल तर जायचं कुठे? सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला असलेल्या त्या वाड्याला बाहेरून ठोठावता येईल असं हे एकच दार होतं.

रुग्णालयांचं प्रकरण याच दाराने आत गेलं. २०१५ साली सरकारने तीन सरकारी रुग्णालयं व्हायटल्स नावाच्या कंपनीला तीस वर्षांसाठी चालवायला दिली. आरोग्यसेवेचा तिला काहीच अनुभव नव्हता. २०१८मध्ये ते कंत्राट स्टुअर्ड या अमेरिकी कंपनीकडे गेलं. कबूल केलेल्या नव्या इमारती उभ्या राहिल्या नाहीत, पण सरकारी तिजोरीतून पैसे जात राहिले. २०१९मध्ये रिपब्लिकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. चौकशी चार वर्षांहून जास्त चालली. मधल्या काळात, वेगळ्या दिवाणी दाव्यात, २४ फेब्रुवारी २०२३ला न्यायालयाने ते कंत्राटच रद्द केलं. कारण दिलं फसवणुकीचं. पुढे अपीलातही तो निकाल टिकला. एप्रिल २०२४मध्ये मॅजिस्ट्रेटचा बाराशेच्या आसपास पानांचा अहवाल आला आणि त्यावरून मस्कट, मिझी, शेंब्री आणि इतर अनेकांवर आरोप ठेवले गेले. सगळ्यांनी आरोप नाकारले आहेत आणि निकाल लागेपर्यंत ते निर्दोषच मानले पाहिजेत. पण सामान्य माणसांच्या एका संघटनेने दिलेल्या अर्जावरून माजी पंतप्रधान कोर्टात उभे राहिले, एवढं तर घडलं.

"हे सगळं विरोधी पक्षाचंच राजकारण नाही का?"

हा आक्षेप माल्टात सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तो पूर्ण पोकळ नाही. अर्ज करणाऱ्यांत, दावे लावणाऱ्यांत विरोधी पक्षाची माणसं होती. रुग्णालयांचा तो दिवाणी दावा विरोधी पक्षाच्या नेत्यानेच लावला होता. लाल-निळ्या बेटावर तुम्ही लालविरुद्ध बोललात की निळे ठरता.

पण मग कागदांकडे बघायचं. तीन न्यायाधीशांच्या सार्वजनिक चौकशीने २९ जुलै २०२१ला निष्कर्ष दिला की खून सरकारने करवला असा पुरावा नाही, मात्र कुणाचं काही वाकडं होत नाही अशी जी हवा वरपासून खालपर्यंत पसरली होती तिची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. ही चौकशी सरकारने आपणहून लावली नव्हती. युरोप परिषदेचा दबाव आणि डॅफ्नेबाईंच्या कुटुंबाचा हट्ट यामुळे ती झाली. पंतप्रधानांची मर्जी न्यायाधीशांच्या नेमणुकीत किती चालावी, हा प्रश्न रिपब्लिकाने युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. तिथला निकाल येण्याआधीच, २०२०मध्ये माल्टाला नेमणुकीची पद्धत बदलावी लागली. उद्या निळे सत्तेवर आले तरी तीच पद्धत त्यांनाही लागू आहे.

"लोकांनी मग त्याच पक्षाला पुन्हा का निवडलं?"

२०२२च्या मार्चमध्ये मजूर पक्ष सुमारे ५५ टक्के मतं घेऊन पुन्हा जिंकला. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. मला वाटत नाही. अर्थव्यवस्था चांगली चालली होती, पेन्शन वाढली होती, आणि त्या उमेदवाराने आजीचं ऑपरेशन लवकर करून दिलं होतं. भ्रष्टाचाराची झळ सगळ्यांमध्ये थोडी थोडी वाटली जाते, उपकार मात्र नाव घेऊन घरी येतो. भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्यांनी मतदारांना मूर्ख म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. दारात आलेला उपकार नाकारणं गरजू माणसाला परवडत नाही.

झळ थेट घरात शिरते तेव्हा मात्र लोक लाल-निळं विसरतात. डिसेंबर २०२२मध्ये कोर्डिन इथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून वीस वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच्या आईने सार्वजनिक चौकशी मागितली. जुलै २०२३मध्ये संसदेत सत्ताधाऱ्यांनी ती मागणी फेटाळली. आई मागे हटली नाही, लोक तिच्यामागे उभे राहिले, आणि काही दिवसांतच पंतप्रधान रॉबर्ट अबेला यांनी चौकशी जाहीर केली. तिच्या अहवालातही राज्यसंस्थेवर ठपका आला.

दार अरुंद झालं ते कसं?

सरकारचं म्हणणं असं: या तरतुदीचा गैरवापर होतो, वर्तमानपत्रातली कात्रणं जोडून कुणाविरुद्धही चौकशी मागितली जाते, निर्दोष माणसांची वर्षानुवर्षं बदनामी होते, तज्ज्ञांच्या फीपोटी कोट्यवधी खर्च होतात. यातल्या दोन गोष्टी मलाही पटतात. एक चौकशी चार वर्षं चालणं बरं नाही, आणि रुग्णालयांच्या चौकशीचा खर्च एक कोटी युरोंच्या घरात गेला, हेही बरं नाही. त्यावर मुदत घालणं, खर्चाला लगाम लावणं योग्यच. नव्या कायद्यात मुदती आहेतही.

पण तेवढ्यावर थांबले नाहीत. आता नागरिकाने आधी पोलिसांकडे तक्रार द्यायची, सहा महिने थांबायचं, आणि त्यानंतरच फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे जायचं. अर्जासोबतच्या पुराव्याची अटही कडक केली. सामान्य माणसाकडे पुरावा नसतो, खुणा असतात. पुरावा शोधण्यासाठीच तर तो मॅजिस्ट्रेटकडे जात होता. आणि सहा महिन्यांत ताडपत्री न टाकलेल्या खुणांचं काय होतं, हे पहिल्या पावसात गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा.

महाराष्ट्रात हे वाचताना ओळखीचं वाटेल. पोलिस गुन्हा नोंदवत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडे जाऊन तपासाचा आदेश मागायची सोय आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३)मध्ये होती. २०१६ साली महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती लागू केली. सरकारी नोकराविरुद्ध असा आदेश द्यायचा तर आधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि ती देण्यासाठी ९० दिवस. कारणही तेच सांगितलं होतं, खोट्या तक्रारींचा त्रास. याच महाराष्ट्राने, देशात माहिती अधिकाराचा कायदा यायच्या आधी, २००२ साली स्वतःचा माहिती अधिकार आणला होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे २००३मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते.

माल्टातही माहितीचा कायदा आहे. 'द शिफ्ट' या छोट्या वृत्तसंस्थेने एकाच विषयावर माहिती मागितली तेव्हा चाळीस सरकारी संस्थांनी नकार दिला, आणि माहिती आयुक्ताने माहिती द्या म्हटल्यावर एकेकीने अपील केलं. चाळीस अपिलं, चाळीस वेळा वकील. वाचकांच्या वर्गणीवर त्यांनी ती लढवली.

आकडे काय सांगतात? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जितके कमी तितका भ्रष्टाचार जास्त) माल्टाचे गुण २०२३मध्ये १०० पैकी ५१ होते, २०२४मध्ये ४६ झाले. डॅफ्नेबाईंच्या गाडीत बाँब ठेवणारे दोघे भाऊ चाळीस-चाळीस वर्षांची शिक्षा भोगत आहेत. बाँब पुरवणाऱ्या दोघांना जून २०२५मध्ये जन्मठेप झाली.

रिपब्लिकाची माणसं २०१९ साली रुग्णालयांचा अर्ज घेऊन सरळ कोर्टात गेली होती, पुतळ्यासमोरची फुलं ओलांडून, रस्त्यापलीकडे. तोच अर्ज आज द्यायचा तर तो आधी पोलिस ठाण्यात द्यावा लागेल, आणि मग सहा महिने वाट पाहावी लागेल.